पाडकामातून पायाभरणी : नगर जिल्ह्यातील राडारोड्याचा आढावा

अहिल्यानगर, म्हणजे लोकांच्या तोंडचे नगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. 17,048 चौरस किलोमीटर, 14 तालुके आणि 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 45 लाख लोकसंख्या. गेल्या दोन-तीन पिढ्यांत इथल्या गावांचे रूप पार बदलले. धाब्याची, कौलारू आणि पत्र्याची घरे गेली, स्लॅबची आली. आता त्या स्लॅबांतल्या पहिल्यावहिल्यांचेही वय झाले आहे. लोखंड गंजून फुगले, छताचे पोपडे सुटले, रस्तारुंदीकरणाची रेघ ओट्यावरून गेली किंवा भावाभावांच्या वाटण्या झाल्या की जेसीबी येतो. दोन-तीन दिवसांत घर जमीनदोस्त होते. लोखंड भंगारात जाते, दारे-खिडक्या विकल्या जातात आणि उरलेला राडारोडा रात्रीतून ओढ्यात, गावाबाहेरच्या खड्ड्यात किंवा रस्त्याच्या कडेला जाऊन पडतो.

त्याच आठवड्यात त्याच जागेवर नव्या घरासाठी खडीचे डंपर येऊ लागतात. ती खडी कुठल्या तरी टेकडीतून सुरुंग लावून काढलेली असते. एका बाजूने फोडलेला दगड फेकून द्यायचा आणि दुसऱ्या बाजूने नवा डोंगर फोडायचा, हा व्यवहार आपण इतका अंगवळणी पाडून घेतला आहे की त्यातले नुकसान दिसेनासे झाले आहे.

जुन्या काँक्रीटची खडी करून ती नव्या काँक्रीटमध्ये कितपत वापरता येते, मानके आणि कायदे काय सांगतात, इतरांचा अनुभव काय आहे, आणि एकही महानगर नसलेल्या नगरसारख्या जिल्ह्यात हे कसे जमेल, याचा हा आढावा. माझे मत सुरुवातीलाच मांडतो. ही खडी नव्या स्लॅबमध्ये बसवण्याच्या वादात आपण वेळ घालवू नये. तिची पहिली जागा जमिनीलगत आहे : पायाखालचे काँक्रीट, फरशीखालचा थर, रस्त्याचा खालचा थर, पेव्हर ब्लॉक आणि गटारांच्या कडा. तिथे तिला मानकाची मोकळीक आहे आणि गरजही तिथेच मोठी आहे.

साखळी कुठे तुटली

पाडलेल्या घराचे साहित्य पुन्हा वापरणे आपल्याला नवे नाही. जुना वाडा उतरवला जाई तेव्हा त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी कामी येई. सागवानी खण, तुळया आणि चौकटी नव्या घरात बसत. घडीव दगड पुन्हा चौथऱ्यात लागे. धाब्यावरची आणि भिंतीतली पांढरी माती भिजवून, तुडवून परत भिंतीवर चढे. फुटक्या विटांची सुर्खी होई आणि ती चुन्यात मिसळली जाई. निजामशाहीपासून इंग्रजी अमदानीपर्यंतच्या बांधकामांत चुना आणि सुर्खीची ही जोडी सर्रास भेटते. वाडा उतरवणे हे कसबाचे काम होते, कारण प्रत्येक वस्तू शाबूत निघाली तरच तिला मोल होते.

सिमेंट आले आणि ही साखळी तुटली. काँक्रीटमध्ये खडी, वाळू, सिमेंट आणि लोखंड एकजीव होतात. ते हाताने सुटे करता येत नाहीत. त्यातले लोखंड महाग, म्हणून तेवढे ब्रेकरने फोडून काढले जाते. पाडकामाचा ठेका घेणारा अनेकदा याच लोखंडाच्या आशेवर काम स्वस्तात करतो, कधी मालकालाच उलट पैसे देतो. लोखंड निघाले की त्याचा हिशेब पुरा होतो. मागे राहिलेल्या ढिगाचा वाली कोणीच नसतो, घरमालकही नाही आणि ठेकेदारही नाही. या प्रश्नाचे मूळ यंत्रांच्या अभावापेक्षा या बेवारसपणात जास्त आहे.

ढीग केवढा, मागणी केवढी

केंद्र सरकारच्या टायफॅक या संस्थेने दोन दशकांपूर्वी ठोकताळे मांडले होते. पक्की इमारत पाडली तर दर चौरस मीटरला साधारण 500 किलो राडारोडा निघतो, अर्धपक्की पाडली तर 300 किलो, आणि नवे बांधकाम करतानाही चौरस मीटरमागे 40 ते 60 किलो माल वाया जातो. या हिशेबाने हजार चौरस फुटांचे स्लॅबचे घर पाडले की 45 टनांच्या पुढे ढीग होतो. नगर शहरातल्या एखाद्या गल्लीत वर्षात अशी चार-पाच घरे पाडली गेली तरी तो आकडा दोनशे टनांवर जातो.

देशपातळीवर वर्षाला 15 कोटी टन राडारोडा निघतो, असा बीएमटीपीसी या केंद्रीय संस्थेचा अंदाज वर्षानुवर्षे सांगितला जातो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 2020 मध्ये दाखवून दिले की त्यातल्या जेमतेम एक टक्क्यावरच प्रक्रिया होते.

आता मागणीची बाजू. काँक्रीटच्या आकारमानात साधारण 60 ते 75 टक्के वाटा खडी आणि वाळूचा असतो. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे 2.4 टन, त्यात मोठी खडी 1.1 ते 1.2 टन आणि वाळू साधारण 700 किलो. म्हणजे काँक्रीट हा मुख्यतः दगडाचा पदार्थ आहे, सिमेंट त्याला फक्त बांधून ठेवते. हा दगड नगर जिल्ह्यात दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमधून येतो आणि त्यासाठी टेकड्यांच्या कडा उतरत आहेत. क्रशरच्या आसपासच्या शेतांवर बसणारी धूळ, सुरुंगांच्या हादऱ्याने घरांना जाणारे तडे आणि खोल खाणींत साचलेल्या पाण्याचा धोका या गोष्टी खाणपट्ट्यातल्या गावांना कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

फोडलेल्या काँक्रीटचा स्वभाव

क्रशरमधून निघालेला जुन्या काँक्रीटचा खडा फोडून पाहिला तर आत मूळचा काळा दगड दिसतो आणि त्याला चिकटलेला जुन्या सिमेंट-वाळूचा करडा थर. दगड पूर्वीइतकाच टणक असतो. सगळे प्रश्न त्या थरातून येतात. तो सच्छिद्र आणि हलका असतो, पाणी शोषतो आणि त्यात फोडताना पडलेल्या बारीक भेगा असतात.

यातून पुढचे सगळे गुणधर्म ठरतात. ताज्या बेसॉल्टच्या खडीचे पाणीशोषण सहसा एक-दोन टक्क्यांच्या घरात असते, काँक्रीटपासून केलेल्या खडीचे चार ते सात टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त जाते. कोरडी खडी तशीच मिक्सरमध्ये टाकली तर ती काँक्रीटमधले पाणी पिऊन टाकते. माल पाचच मिनिटांत घट्ट होतो, गवंडी ओततो वरून पाणी, आणि तिथे ताकद जाते. म्हणून या खडीचा पहिला नियम साधा आहे : आदल्या दिवशी ती पूर्ण भिजवायची आणि पृष्ठभाग निथळल्यावर वापरायची.

ताकदीबाबत जगभरच्या प्रयोगांचा सूर बऱ्यापैकी एकच आहे. मोठ्या खडीच्या 20 ते 30 टक्क्यांपर्यंत बदल केला तर 28 दिवसांच्या क्यूबच्या, म्हणजे चाचणीच्या ठोकळ्याच्या, ताकदीत लक्षणीय फरक पडत नाही. पूर्ण 100 टक्के बदलल्यास ताकद साधारण 10 ते 25 टक्क्यांनी उतरू शकते. दाबाखालची ताकद टिकली तरी काँक्रीटचा ताठपणा कमी होतो आणि सुकताना आकसणे वाढते. लांब गाळ्याच्या बीमला हे परवडत नाही, कारण ती जास्त वाकते. फरशीखालच्या थराला किंवा गटाराच्या कडेला त्याने काही बिघडत नाही.

ही ताकद सुधारण्याचे मार्गही सापडले आहेत. हाँगकाँगमधील व्हिव्हियन टॅम आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दोन टप्प्यांत मिसळण्याची पद्धत मांडली. आधी खडी आणि वाळू एकत्र करून अर्धे पाणी द्यायचे, मग सिमेंट घालायचे आणि उरलेले पाणी शेवटी. उरलेले पाणी देण्याआधीच्या पहिल्या टप्प्यात सिमेंटची पातळ पेस्ट जुन्या थराच्या छिद्रांत आणि भेगांत शिरते आणि नव्या-जुन्याची सांध घट्ट होते. यासाठी नवे यंत्र लागत नाही, मिक्सरवरच्या माणसाला क्रम समजावून सांगावा लागतो.

खडीपेक्षा कच अवघड. चार-पाच मिलिमीटरखालच्या चुऱ्यात जुन्या सिमेंटचे प्रमाण सर्वाधिक असते, मातीही तिथेच जमते. प्लास्टर ऑफ पॅरिसचे तुकडे आले तर सल्फेट वाढते आणि काँक्रीट पुढे फुगून तडकू शकते. त्यामुळे हा चुरा काँक्रीटमध्ये घालण्यापेक्षा भरावात किंवा ब्लॉकमध्ये वापरणे शहाणपणाचे.

विटांची गोष्ट वेगळी. विटेची खडी दगडापेक्षा कमी ताकदीची आणि जास्त पाणीखाऊ असते, पण ती टाकाऊ नाही. दगडाची टंचाई असलेल्या बांगलादेशात भाजलेल्या विटांच्या खोआवर काँक्रीट करण्याची जुनी आणि चालती परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या बेचिराख शहरांनी विटांचे ढिगारे फोडून त्यांचेच काँक्रीट केले आणि घरे उभी केली. गरज होती म्हणून त्यांनी मोजमाप केले, मोजमाप केले म्हणून विश्वास आला.

मानकाने दिलेली मोकळीक

आपल्याकडे काँक्रीटच्या खडी-वाळूचे मानक म्हणजे आयएस 383. त्याची 1970 ची आवृत्ती फक्त नैसर्गिक स्रोतांपुरती होती, त्यामुळे जुन्या काँक्रीटच्या खडीला कागदोपत्री जागाच नव्हती. 2016 च्या तिसऱ्या सुधारणेने हे बदलले. आजही अनेक ठेकेदार आणि काही अभियंतेसुद्धा ‘ही खडी नियमात बसत नाही’ असे म्हणतात. ते आता खरे राहिलेले नाही.

हे मानक दोन प्रकार वेगळे करते. निव्वळ काँक्रीटपासून केलेली खडी हा एक, आणि विटा, दगड, काँक्रीट अशा मिश्र ढिगापासून केलेली खडी हा दुसरा. पहिल्या प्रकारची खडी लोखंड नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत, एम 25 ग्रेडपर्यंतच्या लोखंडी काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत आणि एम 15 च्या खालच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटमध्ये 100 टक्के वापरता येते. मिश्र खडी फक्त लीन काँक्रीटमध्ये चालते, पण तिथे तीही 100 टक्के चालते. दहा टक्क्यांपर्यंत पाणीशोषणही मानकाने मान्य केले आहे. अट एकच, खडी आधी भिजवलेली हवी.

या आकड्यांतून दिशा उघड दिसते. ग्रामीण भागात घरे, शाळा, अंगणवाड्या, दुकाने यांचे काँक्रीट बहुतेक एम 20 किंवा एम 25 चे असते, म्हणजे 20 टक्क्यांची दारे तिथेही उघडी आहेत. मात्र पायाखालच्या आणि फरशीखालच्या लीन काँक्रीटमध्ये पूर्ण खडी बदलता येते. रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने 2017 मध्ये आयआरसी 121 ही मार्गदर्शिका काढली, तीत रस्त्याच्या थरांमध्ये राडारोडा कसा वापरावा हे सांगितले आहे. तांत्रिक परवानगीचा प्रश्न जवळजवळ दशकापूर्वीच सुटला आहे.

कायदा : मोठ्यांसाठी आणि बाकीच्यांसाठी

29 मार्च 2016 रोजी केंद्राने बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे स्वतंत्र नियम लागू केले. दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला 300 टनांहून जास्त राडारोडा करणाऱ्याने तो काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मॉर्टर असा चार ढिगांत वेगळा करायचा, आधी व्यवस्थापन आराखडा द्यायचा. रस्ता किंवा गटार अडेल असा राडारोडा कुणीच टाकायचा नाही. सरकारी आणि महापालिका कामांत 10 ते 20 टक्के साहित्य अशा प्रक्रिया केलेल्या मालातून घ्यायचे, अशीही दिशा त्यात होती. प्रक्रिया केंद्र उभारण्यासाठी पाच लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना 36 महिने मिळाले. 2003 मध्ये स्थापन झालेली नगरची महापालिका 2011 च्या जनगणनेत साडेतीन लाखांच्या आसपास होती, म्हणजे याच गटात. ती मुदत 2019 मध्ये सरली.

2025 मध्ये केंद्राने नवे नियम आणले, ते 1 एप्रिल 2026 पासून लागू. त्यांचा गाभा म्हणजे निर्मात्याची वाढीव जबाबदारी : राडारोडा करणाऱ्यानेच त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उचलायची. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांवर ती मुख्यतः येते. मुंबई-पुण्यासाठी हे योग्यच आहे. नगर जिल्ह्यात मात्र एवढे प्रकल्प बोटांवर मोजण्याइतके. इथला ढीग हजारो लहान पाडकामांतून जमतो : एखादे घर, शाळेची खोली, कोसळलेली संरक्षक भिंत, बसस्थानकाचे जुने शेड. राष्ट्रीय नियमांची जाळी त्यांच्यासाठी फार मोठी आहे. त्यांचा बंदोबस्त ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महापालिकेलाच करावा लागेल.

दुसऱ्यांचे अनुभव

दिल्लीत बुराडी येथे 2009 मध्ये देशातले पहिले मोठे केंद्र सुरू झाले. तिथे राडारोडा फोडून, धुऊन, चाळून त्याची खडी, वाळू आणि ब्लॉक केले जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत असे ब्लॉक वापरले गेले. ऑगस्ट 2022 मध्ये नोएडाचे जुळे मनोरे पाडले तेव्हा निघालेल्या ढिगाचा एक भाग शहरातल्या प्रक्रिया केंद्राकडे गेला आणि देशभरच्या लोकांना पहिल्यांदा प्रश्न पडला की पाडलेली इमारत जाते कुठे.

महाराष्ट्रात नवी मुंबईत सिडको आणि ‘युवा’ या संस्थेने फार आधी राडारोड्यापासून ब्लॉक करून दाखवले होते. मुंबई महापालिकेने आता दहिसर आणि डायघर येथे दिवसाला प्रत्येकी 600 टन क्षमतेची केंद्रे उभी केली आहेत. पिंपरी-चिंचवडने मोशीत केंद्र केले, पुण्याचे केंद्र वाघोलीत आहे, म्हणजे पुणे-नगर रस्त्यावरच. नगर शहरापासून ते शंभर किलोमीटरभर दूर.

हे शंभर किलोमीटरच नगरसाठी अडचणीचे आहे. राडारोडा वजनाने जड आणि किमतीने हलका, म्हणून तो वाहतूक सोसत नाही. वीस-पंचवीस किलोमीटरनंतर डिझेलचा खर्च मालाच्या किमतीला गिळतो. मोठी केंद्रे मोठ्या शहरांतही ढिगाअभावी अर्धपोटी चालतात, कारण बाहेर फुकटात टाकणे स्वस्त पडते. अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत दीडशे किलोमीटरहून जास्त पसरलेल्या जिल्ह्यात एक भले मोठे केंद्र उभारले, तर त्याचे उद्घाटन होईल पण त्याला माल मिळणार नाही.

युरोपीय संघाने 2020 पर्यंत राडारोड्याच्या 70 टक्के पुनर्वापराचे लक्ष्य ठेवले होते. नेदरलँड्स जवळजवळ सगळा राडारोडा वापरते, त्यातला बहुतेक रस्त्यांच्या थरात जातो. झुरिच शहराने सरकारी इमारतींत पुनर्वापरित खडीचे काँक्रीट आग्रहाने वापरून बाजार तयार केला. म्हणजे सर्वांत पुढारलेल्या ठिकाणीही माल आधी रस्त्यात जातो आणि इमारतीत तो नेण्याचे धाडस पहिल्यांदा सरकार करते.

वाळूने दिलेला धडा

नगर जिल्ह्याला बांधकाम साहित्याच्या राजकारणाचा अनुभव जितका आहे तितका फार थोड्यांना असेल. मुळा, प्रवरा, सीना, गोदावरी, घोड, भीमा या नद्यांच्या वाळूवर इथे वर्षानुवर्षे तस्करी झाली, महसूल कर्मचाऱ्यांवर हल्ले झाले, नद्यांची पात्रे खरवडली गेली आणि विहिरींची पातळी खाली गेली. 2023 च्या धोरणात राज्य सरकारने डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू द्यायचे ठरवले आणि त्यातला पहिला डेपो 1 मे 2023 रोजी श्रीरामपूर तालुक्यातील नायगाव येथे सुरू झाला. 2025 मध्ये डेपोची पद्धत मागे पडून पुन्हा लिलाव आले. त्याच वर्षी कृत्रिम वाळूचे स्वतंत्र धोरण आले, तिच्यावरचे स्वामित्वधन ब्रासमागे 600 वरून 200 रुपयांवर आणले गेले आणि सरकारी कामांत तिचा वापर वाढवण्याचे ठरले.

या धरसोडीतूनही एक गोष्ट सिद्ध झाली. सरकारने दरात सवलत दिली आणि आपल्या कामांत वापर लावून धरला, की बाजार वळतो. क्रश सँड, म्हणजे हीच कृत्रिम वाळू, आली तेव्हा गवंडी नाराज होते, प्लास्टर खरबरीत येते म्हणायचे. आज ती सर्रास वापरली जाते. जुन्या काँक्रीटच्या खडीला हीच दोन साधने मिळाली नाहीत, एवढाच काय तो फरक. ती खडी तर डोंगर न फोडता मिळते, तिच्यावर स्वामित्वधन आकारण्याचेही कारण नाही.

एका वर्गखोलीचा हिशेब

ऑगस्ट 2017 मध्ये नगर तालुक्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत कोसळून मुलांचे जीव गेले. त्या दुःखानंतर जिल्ह्यातल्या धोकादायक वर्गखोल्या पाडून नव्या बांधण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. निर्लेखन झालेली, म्हणजे वापरातून कायमची काढलेली, प्रत्येक खोली म्हणजे या विषयाची नेमकी कसोटी आहे : जागा तीच, पाडणारा आणि बांधणारा विभाग एकच, आणि नवी खोली त्याच पटांगणात.

समजा, 25 बाय 20 फुटांची एक खोली, म्हणजे 46 चौरस मीटर. टायफॅकच्या ठोकताळ्याने पक्के बांधकाम पाडल्यावर सुमारे 23 टन राडारोडा. आता नव्या खोलीच्या फरशीखाली काय लागते ते पाहू. नऊ इंचांची सोलिंग, अर्थात दगडांचा थर, म्हणजे साडेदहा घनमीटर दगड, वजनाने साधारण 16 टन. तिच्यावर 10 सेंटिमीटरचे लीन काँक्रीट, 4.6 घनमीटर, त्यात साडेपाच टनांच्या आसपास खडी. दोन्हींची बेरीज 21 ते 22 टन. म्हणजे जुनी खोली नीट वेगळी करून फोडली, तर तिचा जवळजवळ सगळा ढीग नव्या खोलीच्या फरशीखालीच मावतो. वाहतूक शून्य, डंपिंग शून्य, आणि कुठल्याही स्लॅबची सुरक्षितता पणाला लागत नाही.

हा हिशेब ढोबळ आहे. काही खोल्यांच्या भिंती दगड-मातीच्या असतात, काहींवर पत्रा. काळ्या मातीच्या जागेवर फुगवटा टाळायला आधी मुरमाचा भराव घ्यावा लागतो. पण प्रमाणाचा अंदाज यावरून येतो. पाडकाम आणि बांधकाम यांचे अंदाजपत्रक एकाच कागदावर आले, तर निम्मा प्रश्न पटांगणातच सुटतो.

आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप दर्जाचा. कुठली इमारत, कुठले काँक्रीट, काय भरवसा? भीती रास्त आहे, आणि तिचे उत्तर तपासणीत आहे. पाणीशोषण, क्रशिंग व्हॅल्यू, इम्पॅक्ट व्हॅल्यू, चाळणी या चाचण्या साध्या आणि स्वस्त आहेत. प्रवरानगर-लोणी, संगमनेर, कोपरगाव आणि नगरजवळ विळद घाट येथे स्थापत्य शाखा असलेली अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, म्हणजे दक्षिण टोकाचे तालुके सोडले तर तपासणीची सोय फार लांब नाही. दरवर्षी विद्यार्थी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी क्यूब भरतात आणि फोडतात. ही शक्ती जिल्ह्यातल्या प्रत्यक्ष पाडकामांशी जोडली, तर दोन-तीन वर्षांत नगरच्याच राडारोड्याची खात्रीशीर माहिती हाती येईल.

दुसरा आक्षेप क्षारांचा, आणि इथे नगरला स्वतःचा विचार करावा लागेल. जिल्हा समुद्रापासून दूर, त्यामुळे खाऱ्या हवेचा धोका नाही. पण प्रवरा आणि मुळा कालव्यांच्या लाभक्षेत्रात जमिनी क्षारपड झाल्या आहेत. तिथल्या मातीत आणि बोअरच्या पाण्यात क्षार आहेत. अशा ठिकाणच्या पायात सच्छिद्र खडी वापरण्याआधी माती-पाण्याची तपासणी हवीच, आणि शंका असेल तर ती खडी पायाऐवजी रस्त्याच्या थरात वापरावी.

तिसरा आक्षेप आरोग्याचा, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काँक्रीट फोडताना उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसांचा कायमचा आजार देते. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतो, ते क्रशरमध्ये कधीही जाता कामा नयेत, ते आधीच अखंड उतरवून वेगळे ठेवावेत. पाण्याचा फवारा आणि मजुरांना योग्य मास्क यांचा खर्च अंदाजपत्रकातच धरला पाहिजे. टेकडी वाचवताना मजुराची छाती खर्ची घालणे कुठल्याही पर्यावरणात बसत नाही.

चौथा आक्षेप पैशांचा. आज राडारोडा ओढ्यात टाकणे फुकट आहे, म्हणून प्रक्रिया महाग वाटते. पण तो फुकटपणा खोटा आहे. सीनेच्या पात्रात भराव पडला की पावसाळ्यात पाणी वस्तीत शिरते. त्याची किंमत पूरग्रस्त कुटुंबे आणि महापालिकेची तिजोरी भरतात.

नगरसाठी मार्ग

नव्या कारखान्यांपासून सुरुवात करू नये. जिल्ह्यात खडी क्रशर आधीच आहेत. लोखंड काढलेले काँक्रीट त्यांच्या जबड्यात फुटते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीने तालुक्यातल्या एक-दोन क्रशरनी ठरावीक दिवशी फक्त राडारोडा फोडावा आणि त्याचा ढीग वेगळा ठेवावा. वाहतुकीचाही मार्ग आहे. क्रशरवरून गावात खडी आणणारा डंपर परतताना रिकामा जातो. त्याच फेरीत वेगळे केलेले काँक्रीट गेले, तर भाड्याचा मोठा भाग वाचतो. दूरच्या गावांसाठी जिल्हा परिषदेने फिरते क्रशर भाड्याने घ्यावे.

वेगळे करण्याची शिस्त मात्र पाडण्याच्या क्षणीच लागते. एकदा माती, विटा, लाद्या, प्लास्टिक आणि काँक्रीट एकत्र ढवळले की पुढे कुठलेही यंत्र ते पूर्ववत करत नाही. आधी पत्रे, दारे, नळ-वायरिंग उतरवायचे, मग भिंती, शेवटी स्लॅब, बीम, कॉलम आणि पाया. वाडा उतरवणाऱ्यांकडे हा क्रम होता, तो जेसीबीच्या जमान्यात परत आणावा लागेल. नगरपरिषदांनी पाडकामाच्या परवानगीसोबत अनामत घ्यावी आणि राडारोडा ठरलेल्या जागी पोचल्याची पावती दाखवल्यावर ती परत द्यावी.

सर्वांत मोठी जबाबदारी सरकारी ग्राहकाची. सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद आणि महापालिका हेच जिल्ह्यातले सर्वांत मोठे बांधकाम करणारे. त्यांच्या अंदाजपत्रकात जोवर ‘प्रक्रिया केलेली खडी’ ही स्वतंत्र बाब आणि तिचा दर येत नाही, तोवर कनिष्ठ अभियंता इच्छा असूनही ती मोजमाप पुस्तिकेत लिहू शकत नाही आणि ठेकेदार तिचे बिल काढू शकत नाही. बदलाची खरी जागा तीच ओळ आहे.

म्हणून मागणी नेमकी आणि छोटी ठेवावी. जिल्हा परिषदेने पुढच्या वर्षी निर्लेखनाला मंजुरी देताना प्रत्येक तालुक्यातील किमान एका शाळेची जुनी खोली वेगळी करून पाडावी, तिचेच काँक्रीट फोडून नव्या खोलीच्या फरशीखाली वापरावे, जवळच्या महाविद्यालयाकडून खडी आणि क्यूब तपासून घ्यावेत आणि खर्चाचे आकडे जाहीर करावेत. चौदा तालुक्यांतले चौदा हिशेब समोर आले की अंदाजपत्रकातल्या त्या ओळीसाठी लागणारा पुरावा याच जिल्ह्यात तयार होईल आणि ‘आमच्याकडे चालत नाही’ हे उत्तर कुणालाच देता येणार नाही.